वैद्यक व सार्वजनिक आरोग्य : संयुक्त पदवीशिक्षण

रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार देणारी वैद्यकाची पदवी आणि लोकसमूहाच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सार्वजनिक आरोग्यशास्त्राची पदवी एकाच व्यक्तीने एकत्रितपणे किंवा एकीमागून एक संपादन करणे, यास संयुक्त पदवीशिक्षण असे म्हणता येईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा शिक्षणाचे रीतसर अभ्यासक्रम आहेत. तेथे ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची डी. ओ. किंवा रूढ वैद्यकाची एम. डी. ही पदवी आणि तिच्या जोडीने एम. पी. एच. (सार्वजनिक आरोग्यशास्त्रातील पदव्युत्तर पदवी) विद्यार्थ्यास बहुधा पाच वर्षांत मिळविता येते. भारतात असा एकत्रित अभ्यासक्रम रूढ नाही. वैद्यकाची पदवी आधी व सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण नंतर, असाच क्रम येथे आढळतो. तथापि या दोन विद्यांचा संयोग महाराष्ट्रास अपरिचित नाही. सेवाग्राम, जामखेड व गडचिरोली येथील ज्या कार्याची दखल जगभर घेतली गेली, त्याच्या मुळाशी हाच संयोग होता.

दोन विद्यांतील फरक : वैद्यकाचा अभ्यास व्यक्तीपासून सुरू होतो. समोरच्या रुग्णास काय झाले आहे आणि त्याला बरे कसे करावे, हे त्याचे मूळ प्रश्न होत. सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे प्रश्न निराळे असतात : हा रोग कोणाला होतो, कोणाला होत नाही, कोठे व केव्हा होतो आणि तो मुळात होऊ नये म्हणून काय करता येईल ? पहिल्या शास्त्राचे प्रमुख साधन शारीरिक तपासणी हे आहे, तर दुसऱ्याचे मोजणी व तुलना हे आहे.

नवी मुंबईसारख्या वाढत्या शहरातील एक साधे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होईल. इमारतीच्या बांधकामावरील मजूर थंडीतापाने आजारी होऊन दवाखान्यात येतो. रक्ताच्या तपासणीत व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप आढळतो. वैद्य त्यास क्लोरोक्वीन देतो आणि यकृतात दडून राहणाऱ्या परजीवींचा नाश व्हावा म्हणून, निषेधकारक कारण नसल्यास, प्रायमाक्वीन हे औषध चौदा दिवस घेण्यास सांगतो. येथे वैद्यकाच्या दृष्टीने उपचार पूर्ण होतो. परंतु ताप तीन-चार दिवसांत उतरतो, मजूर कामावर परततो, औषध अर्धवट राहते आणि काम संपताच तो दुसऱ्या ठिकाणी जातो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो आणि नव्या ठिकाणच्या डासांना परजीवींचा नवा साठा मिळतो. शहरी हिवतापाचा प्रसार करणारा ॲनॉफिलीस स्टीफेन्साय हा डास विहिरी, गच्चीवरील पाण्याच्या टाक्या आणि बांधकामासाठी साठविलेले पाणी यांत वाढतो. म्हणजे या आजाराचे निम्मे कारण रुग्णाच्या रक्तात, तर निम्मे त्याच्या कामाच्या जागी असते. पहिल्या भागावर इलाज करणाऱ्यास दुसरा भाग दिसला नाही, तर तोच रुग्ण किंवा त्याचा शेजारी पुन्हा दारी येतो. उलट, केवळ टाक्यांची तपासणी करणाऱ्यास प्रायमाक्वीन कोणास देऊ नये, गर्भवती स्त्रीस व जी-६-पीडी या एंझाइमाची न्यूनता असलेल्या रुग्णास त्यापासून कोणता धोका संभवतो, हे ठाऊक नसते. दोन्ही ज्ञाने एकाच व्यक्तीच्या ठिकाणी असण्याचे महत्त्व यातून दिसून येते.

ऐतिहासिक आढावा : एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक आरोग्याचे काम बहुतांशी वैद्यांनीच केले. लंडनमध्ये १८५४ साली पटकीच्या साथीतील मृत्यूंची घरोघर नोंद घेऊन साथीचा संबंध एका विशिष्ट पंपाच्या पाण्याशी जोडणारे जॉन स्नो हे भूल देण्याच्या शास्त्रातील अग्रणी वैद्य होते. या विषयाची पहिली विद्यापीठीय पदविका डब्लिन येथे १८७१ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९१६ मध्ये आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र विद्यालय स्थापन केले. या घटनेचे दोन परिणाम झाले. सार्वजनिक आरोग्यास स्वतंत्र शास्त्राचा दर्जा मिळाला. पण त्याचबरोबर ते वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळे झाले. पुढे निर्माण झालेले संयुक्त अभ्यासक्रम हे एका अर्थी ही फारकत भरून काढण्याचे प्रयत्न होत.

मुंबई इलाख्यात हा प्रश्न १८९६ च्या प्लेगच्या साथीने उभा केला. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागातील रोग प्लेगच असल्याचे निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. निदान हे वैद्याचे काम होते. परंतु साथ आवरण्याचे काम वैद्याच्या हाती राहिले नाही. १८९७ चा साथरोग कायदा, घरांची झडती, सक्तीचे विलगीकरण व सामानाची जाळपोळ या उपायांनी पुण्यात इतका असंतोष माजला की, २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. याच साथीत सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रुग्णांची सेवा केली आणि ती करीत असताना सावित्रीबाईंना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला. लोकांच्या हिताचा उपाय लोकांचा विश्वास गमावून अंमलात आणता येत नाही, हा या साथीचा धडा आहे. विश्वास मिळविण्याची कला रुग्णाच्या उशाशी बसणारा वैद्य शिकतो. त्यामुळे सार्वजनिक आरोग्याच्या कामात वैद्यकाचा उपयोग केवळ औषधांच्या ज्ञानापुरता नसतो. प्लेगवरील लस मुंबईतच तयार करणारे व्हाल्डेमार हाफकिन हे मात्र प्राणिशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते. सार्वजनिक आरोग्याचे क्षेत्र वैद्यांपुरतेच मर्यादित नाही, हेही या साथीने दाखविले.

कलकत्ता येथे १९३२ मध्ये अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली व तेथे भारतीय डॉक्टरांना या विषयाचे उच्च शिक्षण मिळू लागले. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालात प्रतिबंध व उपचार यांची सर्व पातळ्यांवर सांगड घालावी आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यास प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन ‘सामाजिक वैद्य’ तयार करावा, अशी शिफारस केली. स्वातंत्र्योत्तर काळात वैद्यकीय महाविद्यालयांत प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे (आजच्या परिभाषेत समाजवैद्यकाचे) विभाग निघाले, ते याच विचाराचे फळ होय.

ऑस्टिओपॅथिक वैद्यक : संयुक्त पदवीच्या संदर्भात ऑस्टिओपॅथीचा उल्लेख वारंवार येत असल्याने तिचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. अँड्रू टेलर स्टिल (१८२८–१९१७) या अमेरिकन वैद्याची तीन मुले १८६४ मध्ये मस्तिष्कावरणशोथाने दगावली. तत्कालीन औषधोपचारांवरील त्यांचा विश्वास उडाला आणि १८७४ मध्ये त्यांनी आपली नवी पद्धती मांडली. शरीर हे एकसंध आहे, शरीराची रचना व त्याचे कार्य परस्परावलंबी आहेत आणि शरीरात स्वतःला बरे करण्याची शक्ती असते, ही तिची मुख्य तत्त्वे होत. अस्थी, सांधे व स्नायू यांवर हातांनी केलेल्या क्रियांना तीत महत्त्व होते. स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले.

पुढे अमेरिकेत या पद्धतीने आधुनिक वैद्यकाचा संपूर्ण अभ्यासक्रम स्वीकारला. १९७३ पर्यंत सर्व राज्यांत डी. ओ. पदवीधरांना औषधे देण्याचा व शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण अधिकार मिळाला आणि २०२० पर्यंत डी. ओ. व एम. डी. पदवीधरांच्या निवासी प्रशिक्षणाची मान्यता-व्यवस्थाही एकच झाली. आजचा अमेरिकन डी. ओ. पदवीधर हा पूर्णार्थाने डॉक्टर असतो. हस्तोपचारांचे सुमारे दोनशे तासांचे जादा प्रशिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य होय. कंबरदुखीसारख्या विकारांत या हस्तोपचारांचा काही उपयोग दिसून आला असला, तरी शरीराच्या इतर रोगांवरील त्यांच्या परिणामास भक्कम पुरावा नाही. ग्रेट ब्रिटन व अन्य अनेक देशांत ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणजे केवळ हस्तोपचार करणारा व्यावसायिक होय, डॉक्टर नव्हे. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे. एकाच नावाखाली दोन भिन्न व्यवसाय असल्यामुळे परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा व त्यांच्या पालकांचा गैरसमज होण्याचा संभव असतो. पदवीच्या नावापेक्षा, ज्या देशात व्यवसाय करावयाचा त्या देशाची वैद्यक परिषद ती पदवी कोणत्या अधिकारासाठी मानते, हे आधी पाहणे इष्ट असते.

अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांचा भर परंपरेने कुटुंबवैद्यकावर व ग्रामीण वस्तीतील प्राथमिक सेवेवर राहिला आहे. त्यामुळे डी. ओ. व एम. पी. एच. यांची जोडी तेथे स्वाभाविक ठरली. काही विद्यालयांत विद्यार्थी दोन्ही अभ्यासक्रम समांतर करतात, तर काहींत वैद्यकाच्या अभ्यासात एक वर्ष थांबून एम. पी. एच. पूर्ण करतात. काही विषय दोन्ही पदव्यांसाठी ग्राह्य धरल्याने एकूण कालावधी वाचतो.

अभ्यासक्रम : सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचे पाच पारंपरिक आधारविषय आहेत. रोगपरिस्थितिविज्ञानात रोगांचे वितरण व त्यांची कारणे यांचा अभ्यास होतो. जीवसांख्यिकीत आकड्यांवरून योग्य निष्कर्ष काढण्याची व योगायोगाने दिसणारा फरक ओळखण्याची रीत शिकविली जाते. पर्यावरणीय आरोग्य या विषयात पाणी, हवा, अन्न व कामाची जागा यांचा विचार होतो. आरोग्य-प्रशासनात मनुष्यबळ, निधी व धोरण यांचा, तर सामाजिक व वर्तनविज्ञानात लोकांच्या सवयी, समजुती व परिस्थिती यांचा अंतर्भाव असतो. यांखेरीज प्रत्यक्ष क्षेत्रकार्य व प्रबंध आवश्यक असतात.

भारतात एम. बी. बी. एस. नंतर समाजवैद्यकातील तीन वर्षांची एम. डी. पदवी हा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ठरविलेला मार्ग आहे आणि तो डॉक्टरांपुरता मर्यादित आहे. दुसरा मार्ग दोन वर्षांच्या एम. पी. एच. चा. त्रिवेंद्रम येथील श्री चित्रा तिरुनाळ संस्थेच्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये भारतात या पदवीचा पाया घातला. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था व पुण्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथेही हे शिक्षण सुरू झाले. या अभ्यासक्रमास वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या व समाजशास्त्रे अशा विविध शाखांचे पदवीधर येतात. एम. पी. एच. पदवीमुळे रुग्णावर उपचार करण्याचा कोणताही नवा अधिकार मिळत नाही; तो मूळ पदवीवरच अवलंबून असतो. परदेशी एम. पी. एच. घेणाऱ्या डॉक्टरांनाही हेच लागू आहे. केवळ त्या पदवीच्या आधारे परदेशात वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरणे : डॉ. सुशीला नायर (१९१४–२००१) या महात्मा गांधींच्या सहवासात वाढलेल्या वैद्य होत. गांधीहत्येनंतर त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९६९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. खेड्यात राहून खेड्याचे आरोग्य शिकणे, हा तेथील वैद्यकीय शिक्षणाचा भाग आहे. विद्यार्थ्यांची तुकडी गाव दत्तक घेते, तेथील कुटुंबांशी जोडली जाते व त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशभरच्या एम. बी. बी. एस. अभ्यासक्रमात आणला. त्याचे पूर्वरूप सेवाग्राममध्ये कित्येक दशके चालत आले होते.

डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे यांनी वेल्लोर येथे वैद्यक पूर्ण करून तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील रुग्णालयात काम केले. बऱ्या होऊन गेलेल्या रुग्णांचे त्याच आजारांनी पुन्हा येणे त्यांनी तेथे पाहिले. पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्यावर त्यांनी रुग्णोपचाराच्या प्रशिक्षणास जॉन्स हॉपकिन्सच्या एम. पी. एच. ची जोड दिली आणि १९७० मध्ये जामखेड हा दुष्काळी तालुका कार्यासाठी निवडला. गावानेच निवडलेली, बहुधा निरक्षर व अनेकदा दलित समाजातील स्त्री ही त्यांच्या योजनेतील ग्राम-आरोग्यसेविका होती. बाळंतपण, बालकांचे वजन, लसीकरण, हगवणीवर क्षारजल देणे व पाण्याची स्वच्छता ही कामे तिने शिकून घेतली. कामाच्या प्रारंभी हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १७६ असलेले अर्भकमृत्यूचे प्रमाण शतकाच्या अखेरीस तिशीच्या खाली आल्याचे प्रकल्पाच्या नोंदी दर्शवितात. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडच्या प्रयोगाचा समावेश केला आणि प्राथमिक आरोग्यसेवेची दिशा ठरविणारी आल्माआता येथील १९७८ ची परिषद भरली, तेव्हा असे प्रयोग तिच्यापुढे होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी नागपूर येथे अनुक्रमे वैद्यक व स्त्रीरोगशास्त्र या विषयांचे उच्च शिक्षण घेतले. १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सची एम. पी. एच. पदवी घेऊन ते परतले व गडचिरोली जिल्ह्यात त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभारली. त्यांचे तीन अभ्यास संयुक्त शिक्षणाचा अर्थ नेमका दाखवितात. पहिल्यात डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले, परंतु पूर्वी अशी तपासणी केवळ ८ टक्के स्त्रियांची झाली होती. लॅन्सेट या नियतकालिकात १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासापूर्वी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, अशीच बहुतेकांची कल्पना होती. तपासणीसाठी स्त्रीरोगतज्ञ लागत होता आणि रुग्णालयात न आलेल्या स्त्रियांचीही मोजणी केली पाहिजे हे समजण्यासाठी रोगपरिस्थितिविज्ञान लागत होते.

दुसरा अभ्यास बालकांच्या न्यूमोनियाविषयी होता. मिनिटाला किती श्वास होतात, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. अंक न येणाऱ्या सुइणींसाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधे उपकरण तयार करण्यात आले. प्रशिक्षितांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी ०·८ टक्के बालके दगावली, तर तुलनेसाठी निवडलेल्या गावांत हे प्रमाण १३·५ टक्के होते (१९९०). तिसऱ्या अभ्यासात ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रियांनी नवजात बालकांची घरीच शुश्रूषा केली, गुदमरलेल्या बालकास श्वास दिला व जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे अंतःक्षेपणही केले. या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ पर्यंत उतरले (१९९९). केंद्र शासनाने २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात शुश्रूषेची योजना देशभर सुरू केली, तिचा आधार हे काम होय.

या उदाहरणांत एक साम्य आहे. या सर्वांनी वैद्यकाचे प्रत्यक्ष काम आधी केले व सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण नंतर घेतले. म्हणजे प्रश्न त्यांच्याजवळ होते; पदवीने उत्तर शोधण्याची रीत दिली. विद्यार्थिदशेतच दोन्ही पदव्या घेण्याच्या अमेरिकन पद्धतीत वेळ वाचतो, पण अनुभवातून आलेले असे प्रश्न विद्यार्थ्याजवळ असतीलच असे नाही.

दुसरी पदवी नसतानाही असे कार्य होऊ शकते, हेही नमूद करणे आवश्यक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी या स्त्रीरोगतज्ञांनी वढू येथे ग्रामीण आरोग्यप्रकल्प उभारला. प्लॅस्टिक शल्यचिकित्सक डॉ. नोशिर अंतिया यांनी मुंबई बंदरापलीकडील रायगड जिल्ह्यात, मांडवा परिसरात, स्थानिक स्त्रियांकरवी आरोग्यसेवा देण्याचा प्रयोग केला. पदवी ही रीतसर साधने देते, परंतु दृष्टी केवळ पदवीनेच येते असे नाही.

नवी मुंबई परिसर : सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि खाडीपलीकडे ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या भूमीवर नवे शहर वसू लागले. १९९२ च्या आरंभी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या हद्दीतील लोकसंख्या ११ लाखांहून अधिक होती. खारघर व कामोठे हे सिडकोने वसविलेले भाग मात्र २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत येतात. एका सलग वस्तीच्या आरोग्याची जबाबदारी अशी दोन स्वतंत्र यंत्रणांकडे आहे; डास व जंतू ही हद्द मानत नाहीत. नियोजित नगरे, मूळ गावठाणे, ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखाने, झोपडपट्ट्या व बांधकाम मजुरांच्या तात्पुरत्या वसाहती येथे शेजारी शेजारी आहेत. एकाच शहरात मधुमेह व हृद्‌रोग आणि हिवताप व क्षय या दोन्ही प्रकारच्या रोगांना तोंड द्यावे लागते.

नेरूळ व कामोठे येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून खाजगी वैद्यकीय महाविद्यालये निघाली. नेरूळ येथे तर वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद व भौतिकोपचार या शाखा एकाच अभिमत विद्यापीठात आहेत. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयास शहरी व ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र चालवावे लागते व आंतरवासी डॉक्टरांना समाजवैद्यकात सुमारे तीन महिने काम करावे लागते. या काळाचा उपयोग कसा होतो, यावर बरेच अवलंबून आहे. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासासाठी मिळालेली सवड, अशीच या तीन महिन्यांकडे पाहण्याची वृत्ती अनेक ठिकाणी आढळते.

खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील संशोधन व शिक्षण संस्था असून कर्करोगाच्या रोगपरिस्थितिविज्ञानाचे केंद्रही तेथे आहे. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. शालेय शिक्षण झालेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भाशय-ग्रीवेची ॲसिटिक अम्ल लावून तपासणी दर दोन वर्षांनी करण्यात आली. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. प्रयोगशाळा व तज्ञ यांच्या अभावी ही तपासणी गरीब वस्तीत शक्य नाही, हा समज त्यामुळे दूर झाला.

आयुष पदवीधर व सार्वजनिक आरोग्य : ऑस्टिओपॅथीचा अमेरिकेतील प्रवास पाहता भारतातील आयुर्वेद, युनानी व होमिओपॅथी पदवीधरांची आठवण होणे साहजिक आहे. तथापि हे साम्य मर्यादित आहे. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीने आधुनिक वैद्यकाचा अभ्यासक्रमच स्वीकारला, भारतात या पद्धतींची शिक्षणव्यवस्था व नोंदणी स्वतंत्र आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाल्यावर परिचर्या व आयुर्वेद पदवीधरांना सामुदायिक आरोग्याचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र-प्रशिक्षण देऊन ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ म्हणून नेमण्यात येऊ लागले. महाराष्ट्रात या पदांवर आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, माता-बालकांची नोंद ही कामे त्यांच्याकडे असतात. मूळ वैद्यकीय पदवीला सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाची जोड देण्याचा हा भारतातील सर्वांत व्यापक प्रयोग म्हणता येईल. सहा महिन्यांत रोगपरिस्थितिविज्ञानाची ओळख होते, प्रावीण्य येत नाही. म्हणून पुढे एम. पी. एच. करू इच्छिणाऱ्या अधिकाऱ्यांची सोय होणे आवश्यक आहे.

अडचणी व मर्यादा : संयुक्त शिक्षण घेतलेल्या डॉक्टरपुढील पहिली अडचण पदाची असते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण हे शासनाचे स्वतंत्र विभाग आहेत. रुग्णालयात काम करून आठवड्यातील काही दिवस लोकवस्तीत काढणाऱ्या डॉक्टरसाठी पदांची रचनाच सहसा नसते. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र सेवाश्रेणी दीर्घकाळ असून तेथील मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा १९३९ चा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांत अशी श्रेणी असावी असे सुचविले. दुसरी अडचण आर्थिक आहे. शल्यचिकित्सा वा हृद्‌रोगशास्त्र यांच्या तुलनेने या शिक्षणाचा मोबदला कमी आहे आणि परदेशी एम. पी. एच. चा खर्च मोठा असल्याने कर्ज काढून शिकलेल्यास ग्रामीण भागात परतणे अवघड जाते.

तिसरी अडचण नैतिक आहे व ती सर्वांत गंभीर होय. वैद्याची निष्ठा समोरच्या रुग्णाशी असते; सार्वजनिक आरोग्याधिकाऱ्यास न दिसणाऱ्या अनेकांचा हिशेब करावा लागतो. एकाच निधीतून एका रुग्णाची महागडी शस्त्रक्रिया की शेकडो बालकांचे लसीकरण, अशी निवड त्याच्यापुढे येते. मुंबईच्या कर्करोग-अभ्यासात ज्या स्त्रियांची तपासणी केली गेली नाही, त्यांना आरोग्यशिक्षण व उपचार उपलब्ध असले, तरी तुलनेसाठी तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे तीव्र वाद झाला. तेव्हा त्या वस्त्यांत कोणासही तपासणी मिळत नव्हती, असे संशोधकांचे म्हणणे होते; तपासणीचा उपयोग आधीच ज्ञात होता, असे टीकाकारांचे. गडचिरोलीच्या १९९९ च्या अभ्यासातही तुलनेची गावे होतीच. तुलना केल्यावाचून उपाय सिद्ध होत नाही व सिद्ध झाल्यावाचून तो लाखोंपर्यंत पोहोचत नाही. परंतु तुलनेच्या गटातही माणसेच असतात. दोन्ही विद्या शिकलेल्या व्यक्तीस या प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्वतःतच वागवाव्या लागतात आणि तुलनेचा गट किती काळ तसा ठेवावा, हे ठरविताना तिला रुग्णाच्या बाजूने बोलता येते.

सद्यःस्थिती : कोव्हिड-१९ च्या जागतिक साथीनंतर (२०२०) सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाकडे तरुण डॉक्टरांचे लक्ष वाढले आहे. या साथीत खाटा व प्राणवायू यांची व्यवस्था करणाऱ्या महानगरपालिकांना रुग्णांची अवस्था जाणणारे आणि आकडेवारीचा अर्थ लावणारे असे दोन्ही प्रकारचे मनुष्यबळ लागले. दोन्ही जाणणारे थोडे होते. डी. ओ. व एम. पी. एच. सारखा एकत्रित अभ्यासक्रम येथे सुरू होण्यासाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे नियम बदलावे लागतील. परंतु आंतरवासी काळातील समाजवैद्यकाचे काम मनापासून घेणे, सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना एम. पी. एच. साठी सवेतन रजा देणे आणि परतल्यावर त्यांच्या शिक्षणास अनुरूप पद देणे, या तीन गोष्टी नियम न बदलताही करता येण्यासारख्या आहेत.